हाडाचं बोलणं, पुरुषाचं ऐकणं

मराठीत माणसाचा कस सांगायचा झाला की आपण थेट हाडापर्यंत जातो. हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी, हाडाचा कलावंत. कोणी आयुष्यभर राबलं तर त्याने 'हाडाची काडं केली' म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण असेल तर ते हाडवैर. म्हणजे भाषेपुरतं तरी हाड हे माणसाचं मूळ. डॉक्टरी पुस्तकात मात्र बिचारं कित्येक वर्षं खुंटीच्या लायकीचं होतं. मांस टांगायची खुंटी, कॅल्शियमचं कोठार आणि आत मज्जा ठेवायची पेटी. शरीरातला निरोपानिरोपीचा सगळा कारभार ग्रंथींकडे. हाडाने फक्त उभं राहायचं.

गेल्या काही वर्षांत हे चित्र बदललं. हाडसुद्धा रक्तातून निरोप पाठवतं, असं म्हटलं जाऊ लागलं, आणि तो निरोप म्हणे स्वादुपिंडाला जातो, चरबीला जातो आणि पुरुषांच्या वृषणांनाही जातो. हाड सांगतं, 'टेस्टोस्टेरॉन बनवा'. आता इतकी चविष्ट बातमी आपल्या घरच्या ग्रुपवर न येईल तरच नवल! आमच्याकडे ती गेल्या महिन्यात आली, सोबत एका डब्याचा फोटो घेऊन. 'हाडं मजबूत तर पुरुषत्व मजबूत.' पाठवणारा माझा भाचा, वय सव्वीस, गेल्याच वर्षी लग्न झालंय. (नाव लिहीत नाही, नाहीतर ताईचा फोन येईल.) खाली दोन काकांनी अंगठे दिले, आणि एका मेव्हण्यांनी विचारलं, "शुगरवाल्यांना चालतं का?"

तर मंडळी, हा प्रपंच त्या दोन अंगठ्यांसाठी आणि मेव्हण्यांच्या प्रश्नासाठी. माझं मत आधीच सांगून टाकते. हाड बोलतं यात शंका नाही. पण ते पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनबद्दल नेमकं काय बोलतं हे अजून ठरायचंय, आणि ते ठरायच्या आत त्याच्या नावाने दुकान उघडलं गेलंय. मला काळजी वाटते ती त्या दुकानाची.

आधी मूळ गोष्ट. हाड बांधणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचं एक लहानसं प्रथिन बनवतात. माणसात ते ४९ अमिनो आम्लांचं असतं. बरंचसं हाडातच चिकटून राहतं, थोडं रक्तात उतरतं. चिकटण्यासाठी त्याच्यावर 'के' जीवनसत्त्वाची प्रक्रिया व्हावी लागते. ज्याच्यावर ती पुरती झालेली नाही ते ऑस्टिओकॅल्सिन हाडाला घट्ट धरत नाही. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटाने हे प्रथिन बनवूच न शकणारे उंदीर तयार केले. २००७ मध्ये त्यांनी लिहिलं की हे उंदीर लठ्ठ होतात, त्यांचं इन्सुलिन कमी पडतं, साखर वाढते. २०११ मध्ये त्याच गटाचा दुसरा शोधनिबंध आला. ऑस्टिओकॅल्सिन नसलेल्या नरांचं टेस्टोस्टेरॉन कमी, शुक्रजंतू कमी, आणि त्यांच्यापासून होणारी पिल्लंही कमी. माद्यांना मात्र काही फरक नाही! वृषणातल्या लायडिग पेशींवर जीपीआरसी६ए नावाचा एक ग्राहक असतो, तिथे हा निरोप पोचतो असं त्यांचं म्हणणं. २०१३ मध्ये त्यांनी दोन पुरुषांची माहितीही दिली. त्यांच्या वृषणांचं काम नीट चालत नव्हतं आणि त्याच ग्राहकाच्या जनुकात दोष सापडला होता.

आणि मनात ठेवायची गोष्ट अशी, की निरोप ज्या प्रकारचं ऑस्टिओकॅल्सिन नेतं असं सांगितलं गेलं, ते 'के' जीवनसत्त्वाची प्रक्रिया पुरती न झालेलं.

गोष्ट सुंदर आहे यात वाद नाही. चाललं, धावलं, ओझं उचललं की हाड जागं होतं. जागं झालेलं हाड साखर सांभाळतं आणि पुरुषाला पुरुष ठेवतं. व्यायामाचे सगळे फायदे एका सुतात ओवले गेले. आजोबांच्या पिढीतल्या कोणालाही हे ऐकून "मग आम्ही काय सांगत होतो!" असंच वाटलं असतं.

पण मग २०२० उजाडलं. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या गटांचे शोधनिबंध एकाच नियतकालिकात आले, एक अमेरिकेतला आणि एक जपानमधला. दोघांनीही स्वतंत्रपणे, नव्या पद्धतीने, ऑस्टिओकॅल्सिन नसलेले उंदीर तयार केले होते. त्यांच्या उंदरांची साखर ठीक होती. नरांची प्रजननक्षमता ठीक होती. जपानी गटाने टेस्टोस्टेरॉन आणि स्नायूही तपासले, तेही ठीक. त्यांना फरक दिसला तो हाडाच्या आतल्या बांधणीत. खनिजाचे स्फटिक तंतूंच्या ओळीत नीट बसत नव्हते, त्यामुळे हाड कमी मजबूत होतं. म्हणजे ऑस्टिओकॅल्सिनचं ठळक काम हाडाच्या घरातच सापडलं, बाहेरगावी नाही.

कार्सेंटी यांनी अर्थातच आपली बाजू मांडली. उंदरांचा वंश वेगळा, जनुक काढायची पद्धत वेगळी, खाणंपिणं वेगळं... अशा फरकांनी निकाल बदलू शकतात हे खरंच आहे. पण मला सांगा, ज्या गोष्टीचा निकाल उंदरांच्या पिंजऱ्याप्रमाणे बदलतो ती गोष्ट आपण माणसाच्या डब्यावर छापायची का? शिवाय उंदीर आणि माणूस याच प्रथिनाच्या बाबतीत बरेच वेगळे आहेत. 'ड' जीवनसत्त्वाने माणसाचं ऑस्टिओकॅल्सिनचं जनुक जोरात चालतं, उंदराचं उलट मंदावतं.

माणसांत काय दिसतं? टाइप टू मधुमेह असलेल्यांच्या रक्तात ऑस्टिओकॅल्सिन साधारणपणे कमी आढळतं, हे बऱ्याच पाहण्यांत आलंय. पण कमी असणं आणि कारण असणं यात अंतर आहे. साखर बराच काळ चढलेली राहिली की हाड बांधणाऱ्या पेशीच मंदावतात. स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या तरी मंदावतात. मग ऑस्टिओकॅल्सिन कमी आहे म्हणून साखर वाढली, की साखर वाढली म्हणून ऑस्टिओकॅल्सिन कमी झालं? कारखाना बंद पडल्यामुळे धूर दिसत नाही. धूर सोडून कारखाना सुरू होत नाही.

याची एक परीक्षा आपोआप झालेलीही आहे. हाडं ठिसूळ झालेल्यांना जी औषधं देतात, त्यातल्या बऱ्याच औषधांनी हाडाची उलाढाल कमी होते आणि रक्तातलं ऑस्टिओकॅल्सिनही चांगलंच उतरतं. हाडाचा हा निरोप माणसात खरोखर साखर सांभाळत असता, तर ही औषधं घेणाऱ्यांत मधुमेह वाढायला हवा होता. अशा तीन मोठ्या चाचण्यांची आकडेवारी २०१३ मध्ये तपासली गेली. मधुमेह वाढला नाही. या चाचण्या पाळी गेलेल्या बायकांवरच्या होत्या, त्यामुळे पुरुषांना जशाच्या तशा लावता येणार नाहीत. तरीही साखरेचा निरोप काही फक्त पुरुषांसाठी असल्याचं कोणी म्हटलेलं नव्हतं.

आता त्या डब्याकडे या. डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय होतं? के-टू जीवनसत्त्व. 'ऑस्टिओकॅल्सिन अ‍ॅक्टिव्हेट करतं, टेस्टोस्टेरॉन वाढवतं.' वर लक्षात ठेवायला सांगितलं होतं ना, ते आता काढा. ज्या सिद्धांताच्या नावावर डबा विकला जातोय, त्या सिद्धांताप्रमाणे निरोप नेणारं ऑस्टिओकॅल्सिन हे 'के'ची प्रक्रिया न झालेलं. 'के' जीवनसत्त्व घेतलं की नेमकं तेच कमी होतं! म्हणजे सिद्धांत खरा असेल तर डबा उलटा चालेल, आणि सिद्धांत खोटा असेल तर डब्याला आधारच नाही. गंमत म्हणजे ६० ते ८० वयाच्या, मधुमेह नसलेल्या लोकांना तीन वर्षं 'के' देऊन पाहिलेल्या एका चाचणीत (निकाल २००८ चा) पुरुषांमध्ये इन्सुलिनला होणारा विरोध थोडा कमी राहिला, बायकांमध्ये फरक नाही. म्हणजे सिद्धांताच्या बरोबर उलट्या दिशेचा निकाल. अशा वेळी शहाण्याने हात आखडता घ्यावा. आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रोम घेणाऱ्यांनी तर असा डबा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडूच नये, कारण ती औषधं 'के' जीवनसत्त्वाविरुद्धच काम करतात. आमच्या ग्रुपवर अशी दोन माणसं आहेत.

डब्याचं एवढंच. खरा प्रश्न पुढे आहे, आणि तो टेस्टोस्टेरॉनचा.

चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन कमी आलं की तो घाबरतो. त्याला वाटतं, टाकी रिकामी झाली, भरून घेऊ. पण पोट सुटलेल्या, शुगर काठावर असलेल्या माणसात हे कमी येणं बहुतेकदा पोटाच्या मागून चालत येतं. इन्सुलिनला विरोध वाढला की टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन कमी होतं, त्यामुळे रिपोर्टातला 'टोटल'चा आकडा घसरतो. पोटाची चरबी काही टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते. मेंदूकडून येणारा हुकूमही ढिला पडतो. आणि चांगली गोष्ट ही की वजन चांगलं उतरलं की आकडा आपणहून वर येतो. म्हणजे हा आकडा बऱ्याचदा गाडीच्या डॅशबोर्डवरच्या दिव्यासारखा असतो. दिवा लागला म्हणून दिवा कोणी बदलत नाही.

'पण इंजेक्शनने मधुमेह टळतो' असं वाचलंय, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, ऑस्ट्रेलियात तशी चाचणी झाली, निकाल २०२१ चा. पन्नास ते चौऱ्याहत्तर वयाचे, कंबर ९५ सेंटिमीटर किंवा जास्त असलेले १,००७ पुरुष. सगळ्यांना वजन कमी करायचा कार्यक्रम दिला, वर निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन आणि निम्म्यांना खोटं इंजेक्शन. दोन वर्षांनी मधुमेह असलेले इंजेक्शनवाल्यांत १२ टक्के, दुसऱ्या गटात २१ टक्के. फरक चांगला आहे, नाकारत नाही. पण त्याच चाचणीत इंजेक्शनवाल्यांपैकी २२ टक्क्यांचं रक्त धोक्याच्या पातळीपर्यंत दाट झालं, खोट्या इंजेक्शनवाल्यांत १ टक्का. हे फॉरवर्डमध्ये नसतं. नंतर अमेरिकेत हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून जास्त पुरुषांवर ट्रॅव्हर्स नावाची चाचणी झाली. त्यांचं टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी होतं. तिथे मधुमेहाच्या काठावर असलेल्यांचा मधुमेह टेस्टोस्टेरॉनने टळला नाही.

आणि हाडं? इथे तर मी स्वतःच वाचताना थबकले. टेस्टोस्टेरॉनने हाडाची घनता वाढते हे आधी चाचण्यांत दिसलं होतं. साहजिकच सगळ्यांची अपेक्षा की हाडं कमी मोडतील. ट्रॅव्हर्सचा फ्रॅक्चरचा हिशेब २०२४ मध्ये छापून आला. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत ३.५ टक्क्यांची हाडं मोडली, न घेणाऱ्यांत २.४६ टक्क्यांची. कमी नाही, जास्त! का, याचे अंदाजच आहेत. उत्साह वाढून माणसं जास्त हिंडायला लागली आणि पडली, असाही एक अंदाज आहे. हाडाची घनता, टेस्टोस्टेरॉन आणि साखर यांना एका सुतात ओवणारी सुंदर गोष्ट शरीर ऐकून घेत नाही, एवढं मात्र यातून कळतं.

याच धर्तीचा आणखी एक जुना धडा आहे. १९९४ मध्ये एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा निरोप ऐकूच येत नव्हता. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं. तरी त्याची हाडं ठिसूळ होती, आणि त्या वयातही तो उंच होतच होता, कारण हाडांची टोकं मिटलीच नव्हती. म्हणजे पुरुषाचं हाड पक्कं व्हायलाही 'बायकांचं' म्हणवणारं संप्रेरक लागतं. पुरुषत्वाचा डबा विकणाऱ्याला ही गोष्ट परवडणार नाही.

आता भाच्याकडे, कारण त्याच्यासाठी मला खरंच काळजी वाटते. डब्यावर थांबलं असतं तर पैसे गेले असते, बस. पण जिमच्या कोपऱ्यात डब्याच्या पुढची पायरी असते, आणि ती इंजेक्शनची असते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी वृषणांना हुकूम देणं थांबवते. 'माल बाहेरून येतोय, तुम्ही झोपा.' मग शुक्रजंतूही थांबतात. हे किती पक्कं आहे? जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनची चाचणी चक्क पुरुषांचं संततिनियमन म्हणून घेतली होती. १९९० मध्ये निकाल आला. २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं, आणि सहा महिन्यांत १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्रजंतू उरला नाही. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण महिने जातात, आणि जिममधले मोठे डोस वर्षानुवर्षं घेतले तर जास्तच वेळ जातो.

म्हणजे 'पुरुषत्व' वाढवायला घेतलेली गोष्ट बाप होण्याच्या आड येते. आपल्याकडे पुढे काय होतं ते मला सांगायला नको. लग्नाला दोन वर्षं झाली की बोटं सुनेकडे वळतात, तपासण्या आधी तिच्या होतात, उपासतापास तिलाच सांगितले जातात. नवरा मात्र कोणालाही न सांगता इंजेक्शन घेत असतो, आणि त्याला स्वतःला ठाऊक नसतं की कारण तेच आहे. हे लपवणं सगळ्यांत महाग पडतं. मुलांनो, घेत असाल तर निदान डॉक्टरला सांगा. बायकोला सांगा.

एक गैरसमज नको. काही पुरुषांत टेस्टोस्टेरॉन खरोखरच बनत नाही. पीयूषिकेचा आजार असतो, जन्मतः गुणसूत्रांचा फरक असतो, वृषणांना इजा झालेली असते. त्यांना उपचार हवेतच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते ठरवायची रीत आहे: सकाळी, उपाशीपोटी रक्त, कमी आलं तर पुन्हा एकदा, आणि सोबत लक्षणं. संध्याकाळी घाईत दिलेल्या एका रिपोर्टवर आयुष्यभराचं इंजेक्शन सुरू करू नये.

मग हाडाचं ऐकायचंच नाही का? उलट! पुरुषांनी आजवर ऐकलेलंच नाही. हाडं ठिसूळ होणं हा आपल्याकडे 'बायकांचा आजार'. आईची घनता तपासतात, बाबांची कोणी नाही. पण जगभरचा अंदाज असा की पन्नाशीपुढच्या पाच पुरुषांपैकी एकाचं हाड उरलेल्या आयुष्यात ठिसूळपणामुळे मोडतं, आणि खुबा मोडल्यावर दगावण्याचं प्रमाण पुरुषांत बायकांपेक्षा जास्त आहे. टाइप टू मधुमेहात तर फसगत अशी, की घनतेचा आकडा चांगला येतो तरी हाड मोडायचा धोका जास्त असतो. मेव्हण्यांनी शुगरसाठी डबा विचारला, त्यापेक्षा हे विचारायला हवं होतं.

आणि हाडाची संप्रेरकं थोतांड आहेत असंही नाही. एफजीएफ२३ हे हाडातून निघतं आणि मूत्रपिंडाला फॉस्फेट किती टाकायचं ते सांगतं. एका आनुवंशिक आजारात ते जास्त होतं आणि मुलांचे पाय वाकतात; ते अडवणारं बुरोसुमॅब हे औषध २०१८ पासून वापरात आहे. तिथे उंदीर, माणूस, आजार आणि औषध सगळे एकच साक्ष देतात. ऑस्टिओकॅल्सिन आणि टेस्टोस्टेरॉनची गोष्ट त्या पायरीला पोचली की मीच पहिली आनंदाने लिहीन.

तोवर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ सालचा फोटो पाहावा. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण मराठी माणसं 'मी कुठे जाडा आहे' म्हणत फिरतो ते याच फोटोत उघडं पडतं. म्हणून वजनकाट्याआधी टेप घ्या. आपल्याकडच्या पुरुषांसाठी कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. दुकानात सांगतो तो पँटचा नंबर नव्हे, बेंबीजवळ टेप लावून!

घरच्या पुरुषांना माझं सांगणं एवढंच. चाला, जिने चढा, आठवड्यातून दोनदा तरी काहीतरी जड उचला (गॅसचा सिलिंडर चालेल, घरातल्यांना मदतही होईल). हाड त्यामुळे कोणता निरोप कोणाला पाठवतं हे शास्त्रज्ञ भांडून ठरवतील. पण वजन उचललेलं हाड आणि स्नायू टिकतात, कंबर उतरली की साखर आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही सुधारतात, यावर त्यांच्यातही भांडण नाही.

भाच्याने डबा परत केला का, हे अजून विचारलेलं नाही. हे वाचून तोच सांगेल. तुमच्या घरच्या ग्रुपवर असे डबे येतात का? आणि आले तर अंगठा देण्याआधी निदान एक प्रश्न विचारता का? जरूर कळवा.